रघुनाथरावांचं ‘नको’

गुजरातेत दारूबंदी आहे हे बडोद्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, आणि दारू कुठे मिळते हेही त्यांना ठाऊक असतं. कुणालाच ठाऊक नसतं ते एवढंच, की ती सोडायची झाली तर जायचं कुठे. जिथे कागदोपत्री कुणी पीतच नाही, तिथे सोडणाऱ्यांची चौकशी करायची तरी कुणाकडे? रघुनाथराव या पेचात सापडले तेव्हा पन्नाशीला टेकले होते.

ते पितात हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि घरातलं कुणीही ते चारचौघांत बोलत नव्हतं. त्यांना ‘पित्ताचा त्रास’ होता. पित्तामुळे ते लग्नकार्यातून लवकर उठत, पित्तामुळे सोमवारी ऑफिसला जात नसत, आणि एकदा तर पित्तामुळे अकोट्याच्या पुलावर स्कूटर आडवी घालून फुटपाथवर बसून राहिले होते. इतकं गुणी पित्त बडोद्यात दुसऱ्या कुणाला नसेल.

या पित्ताचं मूळ मात्र घराण्याच्या रीतीभातीत होतं. रघुनाथरावांचे आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात होते. राजवाड्यावर येणाऱ्या पाहुण्यांची बडदास्त ठेवणं हे त्यांचं काम. संस्थान गेलं, खातं गेलं, आजोबांचा जरीचा फेटा उंदरांनी खाल्ला, पण भीड तेवढी वारशानं खाली उतरत राहिली. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. समोरच्यानं पेला उचलला तर त्याला एकट्याला पिऊ द्यायचं नाही. रघुनाथरावांच्या तोंडात ‘नको’ हा शब्दच नव्हता. विमा एजंट दारात आला की घरात नवी पॉलिसी येई. पंगतीत वाढपी श्रीखंड घेऊन आला की रघुनाथरावांचा हात पानावर आडवा जाई खरा, पण दोन बोटांच्या मधून व्यवस्थित जागा ठेवून.

ते अलकापुरीतल्या एका कंपनीत खरेदी खात्यात होते. देशाची दारं उघडली तसं त्यांच्या कंपनीचंही दार उघडलं. जर्मनीहून माणसं आली, मग कोरियाहून आली. या पाहुण्यांना परवान्यावर दारू मिळे, आणि त्यांच्यासोबत बसायला इंग्रजी येणारा, चमच्याकाट्यानं जेवणारा, खानदानी माणूस कंपनीला हवा होता. साहेबांनी रघुनाथरावांकडे बोट दाखवलं. लवकरच एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या सहीनं रघुनाथरावांना स्वतःचाही परवाना मिळाला. प्रकृतीसाठी दारू आवश्यक, असा सरकारी शिक्का बसल्यावर घरच्यांनी काय बोलायचं? आधी पाहुण्यांबरोबर, मग पाहुणे गेल्यावर, मग पाहुणे यायच्या आधी, असं करत करत रघुनाथराव चांगले मुरले.

त्यांची बायको निरुपमा शाळेत भूगोल शिकवायची. ती रडली, भांडली, महिनाभर बोलली नाही, आणि शेवटी थकली. पण रघुनाथरावांना जाग आणली ती तिनं नाही. ती आणली एका बादलीनं.

रघुनाथराव पिऊन आले की त्यांचा मुलगा उन्मेष त्यांचे बूट काढायचा, त्यांना कुशीवर वळवायचा आणि पलंगाशी निळी प्लास्टिकची बादली आणून ठेवायचा. शाळेत होता तेव्हापासून हे काम त्याच्याकडे होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तोच करत आला होता. आता तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो फतेगंजमधल्या एका मित्राच्या गच्चीवर पतंग उडवायला गेला आणि भर दुपारी घरी आला, तो भिंतीला धरत धरत. रघुनाथराव नेमके शुद्धीत होते. वास त्यांना लगेच ओळखू आला. बाप म्हणून काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. उन्मेष त्यांच्याकडे पाहून नुसता हसला, न्हाणीघरात गेला, ती निळी बादली उचलून आणली, स्वतःच्या पलंगाशी नीट ठेवली आणि कुशीवर वळून झोपला.

रघुनाथराव दारात उभेच राहिले. आपल्या पोरानं आपल्याकडून काय उचललं ते त्यांना त्या बादलीत स्वच्छ दिसलं, आणि त्यांना इतकी लाज वाटली, इतकी भीती वाटली, की ते देवघरात जाऊन कुलस्वामिनीपुढे शपथ घेऊन आले. ती शपथ होळीपर्यंत टिकली. होळीला साहेबांनी कोरियाच्या पाहुण्यांसाठी पार्टी ठेवली होती आणि साहेबांना नको कसं म्हणायचं?

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निरुपमा डॉक्टरांकडे जाऊन आली. हे डॉक्टर परवान्यावर सही करणारे नव्हेत, दुसरे. तिनं पर्स कपाटात ठेवली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“फतेगंजला चर्चच्या मागे काही लोक जमतात. दर गुरुवारी, संध्याकाळी. पिणारेच असतात, पण सोडलेले. एकमेकांना धरून राहतात, असं डॉक्टर म्हणाले.”

“तू येशील ना बरोबर?”

“मी नाही यायची. बालवाडीत पोर सोडायला जातात तसं तुम्हाला सोडून येऊ? तुमचं तुम्ही विचारत विचारत जा. आणि हे बघा, उन्मेषसाठी तुम्ही काय करणार आहात ते मला यापुढे ऐकायचं नाही, बघायचंय.”

एवढं बोलली खरी, पण गुरुवारी तिनं एका कापडी पिशवीत पोह्यांचा स्टीलचा डबा घालून पिशवी त्यांच्या हातात दिली. रिकाम्या पोटी गेलं की रस्ता चुकतो, हा तिचा अनुभव होता.

रघुनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून फतेगंजला पोहोचले. चर्च दिसलं, पण चर्चच्या मागे शाळा, दवाखाना, गल्ली, पुन्हा गल्ली. विचारायचं कुणाला? त्यांनी तीनदा फेरी मारली. शेवटी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले, विनाकारण बडीशेप मागितली, डावी-उजवीकडे पाहिलं, वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भाई, ते दारूवाळा माणसो... गुरुवारे भेगा थाय छे... ते क्यां?”

आता बिचाऱ्या पानवाल्याचा यात काय दोष? इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम आणि दारूची कुजबुजत चौकशी. असं गिऱ्हाईक त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं.

“पहेली वार आव्या, साहेब?” तो आपुलकीनं म्हणाला. “जरा धीमे बोलो. पाछळ जाव, लीलुं बारणुं. मासी हशे.”

मागच्या गल्लीत हिरवं दार होतं. दारात ठसठशीत कुंकू लावलेल्या एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी रघुनाथरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, उन्हाची चौकशी केली, घरी कोण कोण असतं ते विचारलं. इतकं अगत्य पाहून रघुनाथरावांना भरून आलं. सोडलेली माणसं किती मायाळू असतात, असं त्यांच्या मनात आलं.

“मीटिंग... इथेच?” त्यांनी विचारलं.

“हा, हा, मीटिंग,” मासी म्हणाल्या आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपटी बाटली आणून त्यांच्या हातात ठेवली.

रघुनाथरावांना सगळा उलगडा झाला. खरं तर बाटली तिथेच ठेवून चालू पडायचं. पण त्या खुर्चीवर ते बसले होते, ते पाणी प्यायले होते, मासींनी त्यांच्या मुलाचं शिक्षण विचारलं होतं. आता नको म्हणणं म्हणजे बाईंचा अपमान. आजोबांनी हे खपवून घेतलं नसतं. रघुनाथरावांनी पैसे दिले, आभार मानले, बाटली पिशवीत पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले.

“मासी, माफ करजो. मने तो... छोडवावाळा जोइए छे.”

मासी कंबरेवर हात ठेवून इतक्या हसल्या की भाजीची परात हलली. “अरे, छोडवावाळा? ए तो सामे, स्कूलना हॉलमां! पहेलां बोलवुं जोइए ने, भाई!” मग पिशवीकडे पाहून धंद्याच्या आवाजात म्हणाल्या, “माल पाछो नथी लेवातो.”

म्हणजे घेतलेली बाटली परत घ्यायची तिथे पद्धत नव्हती. अशा रीतीनं दारू सोडवणाऱ्या मंडळीच्या पहिल्या बैठकीला रघुनाथराव दारूची बाटली घेऊन हजर झाले.

शाळेच्या हॉलमध्ये लाकडी बाकं गोल मांडली होती. वर पंखा करकरत होता. स्टूलवर चहाची किटली होती. बसलेल्यांत एक साडीच्या दुकानाचे मालक होते, एक बँकेतल्या बाई, एक मिलिटरीतून निवृत्त झालेला माणूस, आणखी काही जण. आणि खिडकीशी, अरे देवा, खिडकीशी दिनकरराव बसले होते! महाराष्ट्र मंडळातले, रघुनाथरावांच्या थोरल्या चुलतभावाबरोबर ब्रिज खेळणारे. बडोद्यातली मराठी वस्ती ती केवढीशी. रघुनाथरावांना वाटलं, उद्या सकाळपर्यंत दांडिया बाजारात बातमी फुटणार. ते मागे फिरणार तोच दिनकररावांनी बाकावर सरकून शेजारी जागा केली.

रघुनाथराव बसले आणि मांडीवर पिशवी घेतली. त्याबरोबर आत काच स्टीलच्या डब्यावर आपटली. खण्ण!

हॉलमधलं बोलणं थांबलं. तो आवाज काय असतो हे त्या खोलीतल्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. साडीच्या दुकानाचे मालक, हर्षदभाई, चष्म्यावरून पिशवीकडे पाहू लागले.

“लीला बारणेथी आव्या?” त्यांनी विचारलं.

रघुनाथरावांनी मान खाली घालून होकार दिला. आणि मग आधी बँकेतल्या बाई हसल्या, मग मिलिटरीवाले, मग सगळेच. हसता हसता बाईंनी डोळे पुसले. “मीही अशीच आले होते,” त्या म्हणाल्या. “फक्त माझ्या पर्समध्ये मावली नव्हती.” निम्म्याअधिक मंडळींना पानवाल्यानं आधी हिरव्या दाराशीच पाठवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत रघुनाथराव आपल्या पिण्यावरून चार माणसांत पहिल्यांदाच हसले.

हसणं ओसरल्यावर त्यांनी बाटली काढून हर्षदभाईंपुढे धरली. “ही आपण घ्या.”

हर्षदभाईंनी हात मागे घेतले. “ना भाई. इथे कुणी कुणाच्या हातातून घेत नाही,” ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले. “घरी पण बायडी हातातून घेते, आपण दुसरी आणते. बरोबर ने? तमारी छे. तमे नक्की करो.”

रघुनाथराव उठले आणि मागच्या मोरीशी गेले. दिनकरराव त्यांच्याबरोबर गेले, पण चार हात दूर उभे राहिले. झाकण फिरवताच वास आला आणि रघुनाथरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. एक घोट घेऊन उरलेली ओतली तर? कोण बघतंय? दिनकररावांनी तर पाठ फिरवली होती. तेव्हा त्यांना ती निळी बादली आठवली, आणि पलंगावर पोराची वळलेली पाठ. त्यांनी बाटली उलटी केली आणि ती पूर्ण रिकामी होईपर्यंत डोळे मिटले नाहीत. बाटली रिकामी करायला त्यांना आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता.

परत आल्यावर आळीपाळीनं प्रत्येकानं बोलायचं होतं. तिथली रीत साधी. नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही, हुद्दा नाही, आणि आपण दारुडे आहोत हे आपल्या तोंडानं म्हणायचं. मग जे बोलायचं ते बोलायचं. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही, उपदेश तर नाहीच नाही. दिनकरराव उठले. “मी दिनकर. मी दारुडा आहे,” असं त्यांनी, ब्रिजची पानं वाटावीत तितक्या सहज सांगितलं.

रघुनाथरावांची पाळी आली. “मी रघुनाथराव,” ते म्हणाले. “मला... म्हणजे तसा फार नाही... पित्ताचा...” आणि ते गडबडले. “मुलासाठी आलोय,” असं म्हणून ते खाली बसले. कुणी हसलं नाही. हर्षदभाई एवढंच म्हणाले, “आवता गुरुवारे आवजो.”

रघुनाथराव पुढच्या गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्याही. पोह्यांचा डबा हॉलमध्ये इतका लोकप्रिय झाला की निरुपमा मोठा डबा देऊ लागली. पण ते एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना. बाकी सगळं सांगत. स्कूटर कशी पडली, कुणाशी काय खोटं बोललो, सगळं. वाक्य आलं की घशात अडके. आपल्या घराण्यात असं कुणी नाही, हे आत कुणीतरी बजावत असे.

दिनकररावांनी त्यांची नाडी बरोबर ओळखली होती. परतताना एकदा ते म्हणाले, “रघुनाथ, तुझं दुखणं दारूच्याही आधीचं आहे. तुला नाही म्हणता येत नाही. रोज कुणालातरी, कशालातरी नको म्हण. सवय लाव.”

रघुनाथरावांनी मनावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी ऑफिसात दुसऱ्या चहाला नको म्हटलं आणि चहावाल्यानं तब्येतीची चौकशी केली. मग मेहुणीच्या घरी बासुंदीला नको म्हटलं, त्यावरून मेहुणी रुसली. विमा एजंटाला नको म्हटलं तेव्हा तो पायरीवर बसून राहिला आणि निरुपमानं दाराआडून ते ऐकून पदरात तोंड लपवून हसून घेतलं. रस्ता लांबचा होता, पण माणूस चालायला लागला होता.

आणि उन्हाळा सरता सरता ते पडले. जर्मन पाहुण्यांचा मोठा करार झाला होता. हॉटेलात पाहुण्यानं उभं राहून रघुनाथरावांच्या पाहुणचाराची तारीफ केली, आणि त्यांच्या नावानं पेला उंचावला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. साहेबांनी स्वतः त्यांच्या हातात पेला दिला. रघुनाथरावांनी घेतला. एक घेतला, मग मोजले नाहीत.

गुरुवारी ते हॉलच्या दाराशी आले, पण आत जाईनात. फाटकाशी उभे राहून चपलेनं माती उकरत राहिले. हर्षदभाई किटली घेऊन बाहेर आले, त्यांच्या हातात चहाचा कप दिला, म्हणाले, “पोहे नाही आणले आज?” आणि आत गेले. रघुनाथराव मागोमाग गेले आणि रडत रडत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. पाहुण्यांचं काम माझ्याकडून काढून घ्या, म्हणाले. साहेबांनी बढतीची आठवण करून दिली. रघुनाथराव म्हणाले, “नको.” त्यांची खुर्ची मग गोदामाच्या खोलीत गेली, जिथे पाहुणे येत नसत आणि पंखाही एकच होता. निरुपमानं त्या दिवशी शेवयांची खीर केली. परवाना त्यांनी नव्यानं काढला नाही.

उन्मेष हे सगळं पाहत होता, पण बोलत नव्हता. त्यानं आधीच्या शपथा पाहिल्या होत्या. बादली अजून पलंगाखाली होती. आणि शनिवारी तो कुठे जातो हे घरात कुणी विचारत नव्हतं.

नवरात्र आलं. रघुनाथरावांच्या घराण्यात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असे. पणजोबांची तलवार आणि दोन कट्यारी आता अकोट्याच्या बंगल्यात, रघुनाथरावांकडे होत्या. सगळं कुटुंब तिथे जमायचं. पूजेची एक जुनी चाल होती. चांदीच्या पेल्यात दारू घ्यायची, तिची बारीक धार तलवारीच्या पात्यावर सोडायची, आणि उरलेली देवीचं तीर्थ म्हणून घरातल्या पुरुषांनी घोटघोट घ्यायची. पहिला मान घरच्या यजमानाचा. मग त्याच्या मुलाचा. उन्मेषला मिसरूड फुटलं त्या वर्षी रघुनाथरावांनी स्वतःच्या हातानं त्याला हा घोट पाजला होता, आणि सगळ्यांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या होत्या.

आदल्या गुरुवारी रघुनाथरावांनी हॉलमध्ये हे सांगितलं. कुणी उपाय सुचवला नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. फक्त दिनकरराव चहा पिताना म्हणाले, “पहिला घोट नाही घेतला तर दुसरा घ्यावा लागत नाही. देवीचा असला तरी हिशेब तोच.”

नवमीच्या दुपारी दिवाणखान्यात पाटावर तलवार मांडली होती. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, धूप. सोसायटीच्या मैदानात संध्याकाळच्या गरब्यासाठी लाऊडस्पीकर तपासणं चाललं होतं. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. कुसुमावती आत्या म्हणजे रघुनाथरावांच्या वडिलांची बहीण, घरातलं सर्वांत मोठं माणूस. त्या खुर्चीवर ताठ बसून पूजा सांगत होत्या. बाटली थोरले चुलतभाऊ संपतराव घेऊन आले होते, त्यांच्या परवान्यावरची. आरती झाली. आत्यांनी पेला भरला, पात्यावर थोडी धार सोडली आणि पेला रघुनाथरावांपुढे धरला.

“घे रे रघू. पहिला मान तुझा.”

वास आला. मोरीशी आला होता तोच. रघुनाथरावांनी हात जोडले.

“नको, आत्या.”

“नको? बरं वाटत नाहीये का? मग नुसता ओठाला लाव.”

“ओठालाही नको.”

खोलीत चुळबूळ झाली. संपतराव मोठ्यानं म्हणाले, “अरे, देवीचं तीर्थ आहे ते! ती दारू थोडीच? पित्त झालं असेल त्याला.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी रघुनाथरावांना सांभाळून घेण्यासाठीच टाकलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पित्त झालं, सुटला. सगळं पूर्वीसारखं झाकलेलं राहिलं असतं. रघुनाथरावांनी दाराशी उभ्या असलेल्या निरुपमाकडे पाहिलं. मग उन्मेषकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, बाप आता काय करतो ते पाहत होता.

“मला पित्त नाही,” रघुनाथराव म्हणाले. “कधीच नव्हतं. मी दारुडा आहे, आत्या. एक घोट पोटात गेला की मला थांबता येत नाही. म्हणून पहिलाच नको.”

हॉलमध्ये महिनोन् महिने अडलेलं वाक्य, ते इथे, सगळ्या भाऊबंदांपुढे, पणजोबांच्या तलवारीसमोर बाहेर पडलं.

संपतरावांनी घसा खाकरला. “ठीक आहे, ठीक आहे. बायकापोरांसमोर काय हे... मान मोडायला नको. उन्मेषला द्या.”

पेला आत्यांच्या हातातून उन्मेषच्या हातात गेला. रघुनाथरावांचा हात झटकन पुढे झाला. हिसकावून घ्यायचा, फेकून द्यायचा, काय वाटेल ते करायचं! आणि तो हात त्यांनी मधेच थांबवला. हातातून काढून घेतली की माणूस दुसरी आणतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी हात मागे घेतला.

“तुझ्या हातात आहे, बाळा,” ते म्हणाले. “तूच ठरव.”

उन्मेष पेल्याकडे पाहत राहिला. मग बापाकडे. मग तो पाटापाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि पेला तलवारीवर उलटा केला. धार पात्यावरून, झेंडूवरून, पाटावरून फरशीवर ओघळली. रिकामा पेला त्यानं आत्यांच्या हातात परत दिला.

“सगळी देवीला,” तो म्हणाला.

संपतराव काही बोलायला गेले, पण कुसुमावती आत्यांनी हातानं त्यांना गप्प केलं. त्या पेल्याच्या आत पाहत होत्या. “तुझा बाप काविळीनं गेला असं मी सगळ्यांना सांगत आले, रघू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दादाला हे म्हणायचं होतं रे, तू आत्ता म्हणालास ते. मीच म्हणू दिलं नाही. लोक काय म्हणतील, असं म्हणाले मी.” त्यांनी पेला पदरानं कोरडा केला आणि पालथा ठेवला. “आता पुढच्या वर्षीपासून यात दूध घेऊ. वाढा गं पानं.”

बायका लगबगीनं आत गेल्या. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. फरशीवर दारूचं थारोळं पसरत चाललं होतं. उन्मेष आत गेला आणि ती निळी बादली घेऊन आला. तिच्यात पाणी होतं, आणि त्याच्या खांद्यावर फरशी पुसायचं फडकं. तो वाकणार तोच रघुनाथरावांनी धोतर सावरलं, त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं.

“सोड,” ते म्हणाले. “माझं आहे हे. मी पुसतो.”

उन्मेषनं बादली त्यांच्याकडे सरकवली. पण तो उठून गेला नाही, बापाच्या शेजारी तसाच बसून राहिला. मग त्यानं विचारलं, “बाबा, ते तुमचं फतेगंजचं... गुरुवारी किती वाजता असतं?”

रघुनाथरावांनी फडकं पिळलं. “सात वाजता,” ते म्हणाले. “आणि पानवाल्याला विचारू नकोस. मी येतो बरोबर.”